काचेपलीकडची बाई

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी पहाटे साडेपाचला चमेलीबाई पावरा धुळ्याच्या बागेत आली, झाडू कठड्याला टेकवला, चहाचा थर्मास खाली ठेवला आणि काचेत पाहिलं, तर पलीकडे जळगावच्या बागेत कुणीच नव्हतं. नुसता दिव्याखालचा फरशीचा तुकडा आणि त्यावर गळलेली पानं. तिनं चहा ओतला नाही. सहा वाजेपर्यंत ती तशीच उभी राहिली. सहाला पलीकडे एक माणूस झाडू घेऊन आला, आणि काचेकडे न बघता पानं गोळा करू लागला.

काच म्हणजे खरं तर पुरुषभर उंचीचा पडदा होता. मागच्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका कंपनीनं असे दोन पडदे बसवले होते, एक धुळ्याच्या या बागेत आणि दुसरा जळगावच्या एका बागेत. दोन्हींना कॅमेरा आणि माईक. धुळ्याच्या पडद्यापुढे जो उभा राही तो जळगावला दिसे, जळगावचा धुळ्याला, आणि तोही अंगाच्या मापाचा, जणू मध्ये फक्त एक काच आहे. कंपनीनं त्याला मोठं नाव दिलं होतं. लोक काचच म्हणत.

पहिल्या महिन्यात तर जत्रा भरली. कुणाची बहीण जळगावला दिलेली, ती ठरलेल्या वेळी पोरं घेऊन पलीकडे येई आणि इकडून मामा त्यांना नवं खेळणं दाखवी. कॉलेजची मुलं गाणी म्हणत. एका घरानं तर मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमच काचेपुढे केला, आणि दोन्हीकडच्या बघ्यांनी इतकी मतं दिली की मुलगी उठून निघून गेली. काचेसाठी बागेतले बाकसुद्धा फिरवले गेले. पूर्वी ते समोरासमोर होते, आता सगळे काचेकडे तोंड करून. ज्या बायका संध्याकाळी गोल करून बसत त्या आपसूक मागे, भिंतीकडेला जाऊन बसू लागल्या. काही टवाळ पोरं मोबाईल नंबर लिहिलेले कागद पलीकडच्या मुलींना दाखवत, म्हणून मग एक रखवालदारही आला.

हे सगळं आठनंतर. आवाज सकाळी आठला सुरू होई आणि रात्री आठला बंद. चित्र मात्र दिवसरात्र चालू असे, कारण ते बंद केलं की पुन्हा जुळवायला त्रास पडतो असं कंपनीचं म्हणणं. त्यामुळे पहाटे काच मुकी असायची, पण आंधळी नसायची.

चमेलीबाईची हजेरी सहाची. ती साडेपाचलाच येई, कारण तिचा नवरा दिलवरसिंग एका गोदामावर रात्रीचा राखणदार होता आणि पाचला घरी येऊन झोपत असे. एका खोलीच्या घरात तो झोपला की भांडं वाजवायचीही चोरी. बारा वर्षांपूर्वी दोघं शिरपूरच्या वरच्या अंगाचं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव सोडून धुळ्यात आले होते. नवरा-बायकोची भेट दाराशीच होई, एक येताना आणि एक जाताना. दिवसभरात तिच्याशी कुणी बोलत असेल तर तो मुकादम, आणि तेही इकडचं राहिलं, तिकडचं राहिलं एवढंच.

डिसेंबरातल्या थंडीत तिला पहिल्यांदा ती दिसली. जळगावची झाडूवाली. ठेंगणी, काळीसावळी, पन्नाशीच्या पुढची, पदर कमरेला घट्ट खोचलेला, झाडू डाव्या हातात. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही एकदम ओशाळल्यासारखं झालं, कारण दोघी काचेत आपलंच प्रतिबिंब आहे असं समजून केस सारखे करत होत्या. मग पलीकडची हसली. दात पुढे होते तिचे.

तेव्हापासून रोज. आवाज नव्हता, म्हणून सगळं हातांनी. कमरेवर हात ठेवला म्हणजे कंबर दुखते. गुडघ्याएवढा हात धरला म्हणजे नात. पलीकडची आपला डबा उघडून दाखवी, कधी कळण्याची भाकरी, कधी नुसती चटणी, आणि चमेलीबाई नाक मुरडून आपली दाखवी. साडेपाचला दोघी फरशीवर बसत, चहा पीत, आणि सहाचे ठोके पडायच्या आधी उठून कामाला लागत. एकमेकींचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. चमेलीबाईला लिहिता येत नव्हतं, आणि पलीकडचीनं एकदा बोटानं हवेत काहीतरी लिहिलं ते हिला कळलं नाही. आठला आवाज सुरू होई तेव्हा चमेलीबाई मागच्या रस्त्याच्या पट्ट्यात झाडत असे. पण तिला कधी वाटलंही नाही की आठला येऊन बोलावं. पहाटेचं जे होतं ते पुरत होतं.

फेब्रुवारीत तिचा धाकटा भाऊ गावाकडे वारला. खबर आली तेव्हा माती होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे कामावर आली आणि काचेपुढे बसल्यावर तिला रडू कोसळलं. पलीकडची बाई पुढे सरकली, पडद्याला तळहात टेकवला आणि सहा वाजेपर्यंत तो तसाच ठेवला. चमेलीबाईनं त्या दिवसाबद्दल दिलवरसिंगलाही सांगितलं नव्हतं.

आणि आता ती नव्हती.

मंगळवारीही तोच माणूस. बुधवारीही. चमेलीबाईनं काचेवर थाप मारली, हात हलवले, ठेंगण्या उंचीचा हात धरून विचारलं, कुठे गेली. त्यानं एकदा पाहिलं, वेडी असावी अशा नजरेनं, आणि पाठ फिरवली. गुरुवारी तिनं मागचा रस्ता अर्धा टाकला आणि आठच्या ठोक्याला काचेपुढे येऊन उभी राहिली. पलीकडे सकाळी फिरणारी मंडळी होती, बूट घातलेली. तिनं त्यांना विचारलं, इथे रोज झाडणारी बाई कुठे आहे. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, कोणती बाई. दुसरा म्हणाला, इथे झाडायला पुरुष असतो ना. चार महिने तरी ती त्यांच्या पायाखालची पानं उचलत होती, तिच्या अंगावरून ते रोज जात होते. चमेलीबाईला राग आला आणि राग कुणावर काढावा ते समजेना.

त्या आठवड्यात तिला झोप लागली नाही. उन्हानं खोलीचे पत्रे रात्रीपर्यंत तापलेले. मेली असेल का, आजारी असेल का, पोरानं घराबाहेर काढलं असेल का, असं एकामागून एक. दिलवरसिंगनं दारात विचारलं की तब्येत बरी नाही का. तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ज्या बाईचं नाव माहीत नाही, आवाज ऐकला नाही, तिच्यासाठी जीव कशाला टांगणीला लावतेस, असं त्याच्या मनात असावं. पण म्हणाला एवढंच, की जाऊन ये, मुकादमाला मी सांगतो तुला ताप आहे म्हणून.

शनिवारी सकाळी सातच्या एसटीनं ती निघाली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शेजारच्या बाईनं विचारलं, जळगावला कुणाकडे. पाहुण्याकडे, असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली. दर थांब्यावर तिला वाटे, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. तिथे जाऊन विचारायचं काय, कुणाची चौकशी करायची, कोणत्या नावानं.

जळगावची बाग सापडायला दीड तास गेला. काच तिथे होती, आणि काचेत धुळ्याची तिची बाग दिसत होती, उन्हानं पांढरी पडलेली, बाकावर एक माणूस झोपलेला. आपण रोज इथून अशा दिसतो, असा विचार तिच्या मनात आला आणि उगाच अंग चोरल्यासारखं झालं. तिनं रखवालदाराला मुकादम कुठे बसतो ते विचारलं.

मुकादमाचं नाव रुपचंद. पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत पंख्याखाली बसून तो हजेरीचं पुस्तक चाळत होता. चमेलीबाईनं सांगायला सुरुवात केली आणि अडकली. मग तिनं भिंतीला टेकवलेला झाडू उचलला, डाव्या हातात धरला, पदर कमरेला खोचला, मान थोडी वर करून, ओठांवर पुढचे दात आणून चार पावलं झाडून दाखवलं. खोलीच्या दारात बसलेल्या दोन बाया हसल्या. रुपचंद मात्र हसला नाही.

"भागाबाई तायडे," तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट पाहत त्यानं विचारलं, "काचेसमोरची ती दुसरी तूच का?"

चमेलीबाईनं मान हलवली.

रुपचंदनं पुस्तक मिटलं. जे झालं ते त्यानं सरळ सांगितलं, आणि सांगताना तो जमिनीकडे बघत होता. मार्चअखेर कंपनीनं काचेचा अहवाल दिला होता. किती लोक येतात, कोणत्या वेळी येतात, किती वेळ थांबतात. त्यात एक रंगीत चित्र होतं, आणि सगळ्यात उंच पट्टी सकाळच्या पहिल्या टप्प्याची होती, पाच ते आठ. रोज दोन व्यक्ती, सरासरी सव्वीस मिनिटं. दिवसभरात कुणीच एवढा वेळ काचेपुढे थांबत नव्हतं. कंपनीनं ते कौतुकानं छापलं होतं. महापालिकेच्या बैठकीत इथल्या सफाईच्या ठेकेदारानं विचारलं, की हा टप्पा तर आमच्या माणसांच्या कामाचा, मग या दोन व्यक्ती कोण. बागेच्या रखवालदाराला विचारलं, त्यानं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला भागाबाईला काढून टाकलं.

धुळ्याचा ठेकेदार वेगळा, तो बैठकीला नव्हता, म्हणून तू अजून आहेस, असं रुपचंदनं शेवटी म्हटलं. भागाबाई कुठे आहे असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला की तिची बहीण फैजपूरला असते, तिथे केळीच्या पॅकिंगला जाते असं ऐकलं. फोन बंद लागतो.

चमेलीबाई बाहेर येऊन बाकावर बसली. आतापर्यंत तिला बाईची काळजी होती, आता आपलीच भीती वाटू लागली. ज्या काचेपुढे बसून ती रडली होती ती काच तेव्हा मोजत होती. हात कमरेवर ठेवला ते मोजलं, डबा दाखवला ते मोजलं. परत जावं, असं तिला फार वाटलं. घरी जाऊन दार लावून घ्यावं आणि सोमवारपासून काचेकडे पाठ करून झाडावं. पण ठेंगणीचं तोंड डोळ्यापुढून जाईना. ती उठली आणि बसस्थानकाकडे चालू लागली.

भुसावळला गाडी बदलून, तापीचा पूल ओलांडून ती फैजपूरला पोचली तेव्हा दोन वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीचे मळे, आणि सावली असूनही हवा भाजत होती. तिनं दोन शेडमध्ये विचारलं. आता नाव होतं, तरी सवयीनं ती हातानं ठेंगण्या उंचीची खूण करत होती. तिसऱ्या शेडमध्ये बाया पाण्याच्या हौदाभोवती उभ्या राहून केळीच्या फण्या धूत होत्या, पुसून खोक्यात रचत होत्या. त्यांतली एक डाव्या हातानं फणी उचलत होती.

चमेलीबाई हाक मारणार होती, पण या बाईला हाक मारायची म्हणजे कशी, हेच तिला उमगेना. चार महिन्यांत तिनं तिला कधी हाक मारली नव्हती. ती नुसती उभी राहिली. भागाबाईनं वर पाहिलं. हातातली फणी हौदात पडली. तिनं कपाळावर आडवा हात धरून पाहिलं, जसं माणूस उन्हात लांबचं बघतो, आणि मग तिचा चेहरा कठोर झाला.

"तुले देखाले उनू मी," चमेलीबाई म्हणाली. "धुळाथून."

"आता काय पाहतीस," भागाबाई म्हणाली. तिचा आवाज जाडा होता, पुरुषी म्हणावा असा. चमेलीबाईनं मनात तिला एक बारीक, मऊ आवाज दिला होता, तो तिथल्या तिथे मोडला. "तुह्यापायी माहं काम गेलं. अन् बोलनं तरी कुठी होतं, नुस्ते हात हालवत होतो आपुन."

बाकीच्या बाया थांबून ऐकू लागल्या. चमेलीबाई शेडच्या कडेला खाली बसली आणि बसून राहिली. भागाबाईनं अर्धा तास तिच्याकडे पाहिलं नाही, खोकी भरत राहिली. तीनला चहाची सुटी झाली तेव्हा ती दोन ग्लास घेऊन आली, एक हिच्यापुढे ठेवला आणि जरा अंतर राखून बसली. तिच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते.

मग ती बोलली. काम गेल्याचं तिला एवढं नव्हतं. इथे रोज माणसं लागतात, आणि झाडूपेक्षा कंबर कमी मोडते.

"पन त्यानं हजेरीच्या टायमाले वीस बायांसमोर मले कामचुकार म्हटलं," ती म्हणाली. "सतरा वर्सं झाडते मी. एक खाडा नाही. पुतन्याची दुधाची गाडी पहाटे निंघते, तिच्यात येते म्हनून साडेपाचले पोचते मी. साडेपाच ते सहा माहा टाइम. तो मी बसून काढीन नाहीतर झोपून काढीन. त्याच्या बापाचा हाये का तो?"

चमेलीबाईनं ग्लास खाली ठेवला. तेवढं तिच्या ध्यानात आतापर्यंत आलंच नव्हतं. पाच ते आठ, असं रुपचंद म्हणाला होता. पण त्या दोघी काचेपुढे कधीच सहानंतर थांबल्या नव्हत्या.

निघताना भागाबाईनं बहिणीचा नंबर एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. पुन्हा ये, असं ती म्हणाली नाही.

मोनाली कंपनीची मुलगी. वय अठ्ठावीस, घर धुळ्यातल्याच देवपूरमध्ये, दर बुधवारी बागेत येऊन काच तपासायची आणि बाकावर बसून लॅपटॉपवर काम करायची. चमेलीबाईला ती मावशी म्हणे, कधी बिस्किटाचा पुडा देई. त्या बुधवारी चमेलीबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जे झालं ते सगळं तिनं सांगून टाकलं. मोनालीचा चेहरा उतरत गेला. ती पट्टी तिनंच काढली होती. पुण्याच्या साहेबांनी तिला त्यासाठी शाबासकी दिली होती, अनोळखी माणसं एकमेकांपुढे इतका वेळ थांबतात याचा पुरावा म्हणून. त्या दोन व्यक्ती कोण हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडेच घ्यायचे असा नियम होता, आणि तो तिला चांगला वाटे.

"ताई, तुमनी काच आम्हाले देखस," चमेलीबाई म्हणाली. "मंग आम्ही किती वाजता उनूत हाई बी देखस ना?"

मोनालीनं लॅपटॉप उघडला. बराच वेळ ती त्या दोघींच्या येण्याच्या वेळा शोधत राहिली. मग पडदा फिरवून तिनं दाखवलं, जरी चमेलीबाईला वाचता येत नव्हतं. प्रत्येक दिवसाची ओळ होती. पाच एकतीस ते पाच सत्तावन्न. पाच तीस ते पाच छप्पन्न. एकही दिवस सहाच्या पुढे नव्हता. सगळे आकडे एका टप्प्यात टाकून तिनं पट्टी उंच केली होती, आणि घड्याळ पट्टीत उरलंच नव्हतं.

हे कागदावर काढून द्या, असं चमेलीबाई म्हणाली. मोनाली लगेच हो म्हणाली नाही. कंपनीचा डेटा असा बाहेर देता येत नाही, विचारावं लागेल, पुण्याला फोन करावा लागेल. ती उठून बाजूला गेली, फोनवर बोलली, परत आली, पुन्हा फोन केला. चमेलीबाई तोवर उन्हात उभी. तिसऱ्या फोननंतर मोनाली म्हणाली, साहेब नको म्हणतात.

"आणि मावशी, मी दिला तरी त्यात तुमचीही वेळ दिसेल. तुमच्या ठेकेदाराच्या हातात पडला तर?"

"दिसू द्या. मी काही चोरी नई करी."

त्या दिवशी मोनाली गेली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. चमेलीबाई पहाटे बागेत येई, काचेकडे पाठ करून बसे, आणि पाठीला सारखं वाटे की कुणीतरी बघतंय. मुकादमानं हाक मारली की वाटे, आज माझी पाळी. शनिवारी रस्ता झाडत असताना स्कूटर थांबली. मोनाली होती. तिनं एक पाकीट पुढे केलं. आत सहा पानं, कंपनीचा शिक्का असलेली, आणि एक पत्र, की सदर नोंदी कामाच्या वेळेपूर्वीच्या आहेत आणि अहवालातल्या मांडणीमुळे झालेल्या गैरसमजाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सही मोनालीची. एक प्रत तिनं जळगावच्या ठेकेदाराला पाठवली होती, एक बैठकीतल्या अधिकाऱ्यांना. साहेबांना विचारलं का, असं चमेलीबाईनं विचारलं नाही, आणि मोनालीनं सांगितलं नाही.

चमेलीबाईनं पुठ्ठ्यावरचा नंबर शेजारच्या पोरीकडून लावून घेतला. फोनवर भागाबाईचा आवाज आणखीच जाडा वाटला. कागदात काय आहे ते ऐकून ती पुन्हा सांग म्हणाली. चमेलीबाईनं पुन्हा सांगितलं.

जळगावचा ठेकेदार भागाबाईला परत घ्यायला तयार झाला. अधिकाऱ्यांकडून विचारणा झाली होती, त्याला ते प्रकरण वाढवायचं नव्हतं. भागाबाईनं कळवलं की कामावर यायचं ते मग बघू, आधी जो शब्द वीस बायांसमोर बोलला तो वीस बायांसमोर परत घे. आणि हजेरी टाकीमागे नको, काचेपुढे घे. रुपचंदनं मध्ये पडून ते ठरवलं.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी चमेलीबाई सव्वापाचलाच बागेत पोचली. दिलवरसिंग झोपायच्या ऐवजी तिच्याबरोबर आला होता. कधी नव्हे ते दोघं एका बाकावर बसले. पावणेसहाला पलीकडे बाया जमू लागल्या, निळे कोट घातलेल्या. मग भागाबाई आली. कोट नव्हता, धुतलेलं लुगडं होतं, पदर तसाच खोचलेला. ठेकेदार शेवटी आला, पांढऱ्या शर्टातला जाडजूड माणूस, हातात मोबाईल. रुपचंदनं त्याला काहीतरी सांगितलं. ठेकेदारानं बायांकडे पाहिलं, भागाबाईकडे पाहिलं नाही, आणि तोंड हललं. दोन वाक्यं असतील. आवाज नव्हता, त्यामुळे काय बोलला ते चमेलीबाईला कळणं शक्यच नव्हतं. तिनं बायांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्या एकमेकींकडे बघत होत्या. भागाबाईनं हाताची मूठ कानाशी नेली आणि पुन्हा बोल असं खुणावलं. ठेकेदाराची मान लाल झाली. तो पुन्हा बोलला, या वेळी तोंड जास्त उघडून.

भागाबाई काचेकडे वळली. ती हसली नाही, की हात हलवला नाही. नुसती मान एकदा खाली केली. मग बायांतून वाट काढत फाटकाकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

कामावर ती परत गेली नाही. फोनवर तिनं सांगितलं, तिथे आता पाठीवर डोळे घेऊन कोण झाडेल. केळीचं बरं आहे. मोनालीचं मात्र बरं झालं नाही. जूनपासून बुधवारी दुसरा मुलगा येऊ लागला, आणि त्याला मावशी म्हणायची सवय नव्हती. मोनालीनं नोकरी सोडली की तिला सोडायला लावली हे चमेलीबाईला नक्की समजलं नाही. एकदा देवपूरच्या रस्त्यावर स्कूटरवर दिसली, हात वर करून गेली.

कंपनीनं आता पहाटेचं चित्रही बंद केलं. पाच ते आठ काच काळी असते. चमेलीबाई तिच्यापुढे झाडते तेव्हा तिला तिचीच सावली दिसते, आणि ती झाडू जरा भराभर मारते. फोन असतो, पण फोनवर दोघींचं जमत नाही. बोलून बोलून काय बोलायचं. एकीची भाषा दुसरीला अर्धी कळते, मग दोघी गप्प होतात, आणि गप्प राहिलं की फोन तुटला की काय म्हणून हॅलो हॅलो करतात.

ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी न सांगता भागाबाई धुळ्याला आली. बागेत गर्दी होती, काचेपुढे पोरांची रांग, जळगावकडून कुणीतरी ढोल वाजवत होतं. चमेलीबाई त्या दिवशी जादा कामाला होती. कोपऱ्यातल्या भिंतीशी बायका गोल करून बसल्या होत्या, तिथून एकीनं हाक मारून सांगितलं, तुला कुणीतरी शोधतंय. भागाबाई त्या बायकांत जाऊन बसलीसुद्धा होती. पिशवीतून तिनं केळी काढून सगळ्यांना वाटली होती आणि कुणाची सून कशी यावर जोरात मत देत होती.

चमेलीबाई तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं भागाबाईनं कमरेवर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं. चमेलीबाईनं आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.

पाचच्या सुमारास भागाबाई उठली आणि घर दाखव म्हणाली. सहाची शेवटची गाडी पकडायची होती, त्याआधी तिला दिलवरसिंगला बघायचं होतं. चमेलीबाई गडबडली. खोली झाडलेली नव्हती, दिलवरसिंग झोपेतून उठला असेल की नाही कोण जाणे, आणि घरात दूध होतं की सकाळीच संपलं होतं ते तिला आठवेना. वाटेत दुकान लागेल, तिथून घेऊ, असं मनात म्हणत ती फाटकाकडे निघाली. भागाबाई दोन पावलं मागे, पिशवी डाव्या हातात धरून, दर गल्लीच्या तोंडाशी थांबून विचारत होती की अजून किती लांब.